नाव ठेवताना

गुदैबियातल्या या फ्लॅटमध्ये
स्टुलावर चढून दिलकुमार राईनं
राउटर टांगला आधीच्या भाडेकरूच्या खिळ्याला
आणि वरूनच विचारलं,
"दीदी, नाव एकच ठेवू की दोन?"

म्हणजे?

या डब्यातून लहरी दोन निघतात, म्हणाला.
एक सावकाश. भिंती ओलांडत
मागच्या गॅलरीतल्या ओल्या कपड्यांपर्यंत जाते.
दुसरी वेगवान, पण दाराशीच दमते.
एक नाव दिलंत तर फोन आपलं आपण ठरवील.
दोन दिलीत तर ठरवायचं तुम्ही.
जसं काही ठरवणं म्हणजे स्क्रू पिळणं.

एकच ठेव बाबा, मी म्हटलं.
दोन ठेवली की लोक नावं ठेवतात.

मला अनुभव आहे.
बी.फार्म.च्या सर्टिफिकेटवर उल्का मारुती कुराडे,
पासपोर्टवर संपदा विश्वजित नलवडे.
उल्का पडते, सासूबाई म्हणाल्या होत्या,
पडणारं काही घरात नको.
मग ताटातल्या तांदळात
विश्वजितनं अंगठीनं लिहिलं: संपदा.
शेवटच्या आकाराला तांदूळ घसरले,
त्यानं पुन्हा ओढला.
इथं फार्मसीत लागताना कारकून म्हणाला,
या दोघी एकच कशावरून?
तेव्हा स्टँपपेपरवर
मीच लिहून दिलं की मी मीच आहे.
खाली सही कुठली करायची
यावर वकिलाचा अर्धा तास गेला.

तर, एकच नाव.
पंधरा दिवसांत कळलं काय ते.
दारावरचा कॅमेरा जोडलाच जाईना,
त्याला फक्त सावकाश तीच कळते.
आणि फोन! राउटरच्या पुढ्यात बसावं
तरी हा चिकटलेला गॅलरीतल्या त्या
क्षीण धाग्याला, सोडायला तयार नाही.
गडहिंग्लजहून आई बोलायची
आणि तिच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन व्हायचे.
मी फोनला शिव्या घातल्या.
मग आठवलं, मनामाच्या बाजारात परवा
कुणीतरी कुणालातरी "उल्का" म्हणून हाक मारली
(तसंच काहीतरी असावं, अरबीत)
आणि सोळा वर्षांनंतरही
मान माझीच वळली.

भाडं न्यायला हाजी मन्सूर आले.
चहा घेता घेता म्हणाले, अल् बहरैन,
अर्थ माहीत आहे? दोन समुद्र.
वरती खारं पाणी, तळाशी गोडे झरे.
आजोबांच्या वेळचे मोती काढणारे
रिकाम्या कातडी पिशव्या घेऊन बुडी मारत,
समुद्राच्या पोटातून प्यायचं पाणी आणत.
मग देशाला नाव एकच कसं, मी विचारलं.
एकच आहे, पण त्यात दोन आहेत ना,
म्हणाले, आणि दिनार पुन्हा मोजू लागले.
पाच कमी निघाले. मी आणून दिले.

त्या रात्री सेटिंग उघडलं.
वेगवान तिला लिहिलं: संपदा.
पुढची खोली, पाहुणे, टीव्ही, सगळं झटपट.
सावकाश तिला
काय लिहायचं ते बोटांना आधीच माहीत होतं.
कुठली घरात पडते आणि कुठली घराबाहेर पोचते,
हे सासूबाईंना सांगायला हवं होतं.

गुरुवारी रात्री पुलावरची रांग पार करून
विश्वजित खोबरहून आला.
बूट न काढताच फोन चाळू लागला.
"संपदा दिसतेय. ही उल्का कोण?
शेजारची?"
इथलीच, मी म्हटलं.
पासवर्ड?
दोन्हींचा तोच.
तो काही बोलला नाही. संपदाला जोडला गेला,
मॅच बघितली, भात वाढून घेतला.

मी गॅलरीत गेले कपडे काढायला.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
एक दांडी, फार तर दीड.
चित्र येईना, आवाज मात्र धडधडीत:
"उल्के, जेवलीस का गं?"

सकाळी त्याचा फोन उशीजवळ होता,
मागच्या खोलीत, जिथं संपदा पोचत नाही.
कोपऱ्यात तरीही दोन दांड्या.
रात्री कधीतरी त्यानंच
पासवर्ड टाकला असणार.
मी विचारलं नाही.